‘हाताबाहेर’, ‘आटोक्याबाहेर’ की ‘आवाक्याबाहेर’? लेबलावर काय छापू?

छपाईवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. एक शब्द अडलाय, आणि नुसती उत्सुकता म्हणून नाही तर परवा प्लेट काढायचीय म्हणून विचारायलोय. सोलापुरात माझं डीटीपी आणि छोट्या छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, शेंगाचटणीच्या पाकिटाची लेबलं, वास्तुशांतीची निमंत्रणं, सगळं येतं. ह्या वेळी फिनेलच्या बाटलीचं लेबल आलंय. पार्टीनं मजकूर हातानं लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकला, त्यात शेवटची ओळ अशी होती: ‘लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा.’

टाइप करता करता थांबलो. हाताबाहेर आपण कशाला म्हणतो, पोरगं हाताबाहेर गेलं, भांडण हाताबाहेर गेलं, आजार हाताबाहेर गेला. बाटली कशी हाताबाहेर ठेवणार? म्हणून मी माझ्या मनानं ‘आटोक्याबाहेर’ केलं. प्रूफ वाचायचं काम घरात मिसेस करतात, त्यांनी पेनानं गोल केला आणि बाजूला ‘आवाक्याबाहेर’ लिहिलं. फरक काय विचारलं तर म्हणाल्या, फरक सांगता येत नाही पण कानाला हेच बरोबर लागतंय. मग रात्री घरातल्या सगळ्या बाटल्या आणि डबे काढून बसलो. एका औषधावर ‘मुलांपासून दूर ठेवा’, दुसऱ्यावर ‘मुलांच्या पोहोचेबाहेर’, आणि मुंग्यांच्या पावडरच्या डब्यावर ‘अवाक्या बाहेर’, पहिला अ आणि मधे जागा सोडून.

तर हे तीन शब्द एकाच अर्थाचे आहेत का, नसतील तर कुठला कुठं वापरायचा, आणि ह्या लेबलाला कुठला बसतो? पार्टीची चूक काढली तर बरोबर काय तेही मलाच सांगावं लागणार. हजारो बाटल्यांवर जाणार आहे हो हे, एकदा छापलं की छापलं.


निवृत्त_मराठी_शिक्षक

छपाईवाले, तुमच्या मिसेसचा कान पक्का आहे.

आवाका म्हणजे एखाद्याचा हात जिथपर्यंत पुरतो तेवढा घेर, मग तो खरा हात असो नाहीतर पैशाचा, अकलेचा, अंगातल्या बळाचा. आणि तोच शब्द उलट्या बाजूनंही चालतो. ‘कामाचा आवाका मोठा आहे’ म्हटलं की काम केवढं पसरलंय ते कळतं, ‘हे काम माझ्या आवाक्यातलं नाही’ म्हटलं की माणूस केवढा पुरतो ते कळतं. मापायचं तेही आवाका आणि ज्यानं मापायचं तोही आवाका. इतकी वर्षं शिकवून झालं तरी ह्या शब्दाचं मला अप्रूप आहे.

आटोक्याचं तसं नाही. नुसता ‘आटोका’ कोणी बोलतच नाही बघा. ‘माझा आटोका’, ‘कामाचा आटोका’ असं कधी ऐकलंय का? तो कायम ‘आटोक्यात’ नाहीतर ‘आटोक्याबाहेर’ होऊनच येतो, किंवा मग ‘आटोकाट प्रयत्न’ मध्ये सापडतो. आणि त्याच्यात ताबा आला. जे पसरायला बघतंय आणि कोणीतरी आवरतंय ते आटोक्यात येतं, आग, साथ, पूर, दंगल. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एखाद्या कारखान्याला आग लागली की दुसऱ्या दिवशी ‘आग आटोक्यात’ असं येतं, ‘आग आवाक्यात’ असं कधीच येत नाही. सोन्याचा भाव मात्र आवाक्याबाहेर जातो. महागाईला दोन्ही लागतात पण बोलणारा बदलतो, सरकार म्हणतं महागाई आटोक्यात ठेवू, आणि आपण म्हणतो तूरडाळ आवाक्याबाहेर गेली. आवरणाऱ्याच्या तोंडी आटोका, घेणाऱ्याच्या तोंडी आवाका.

तुम्ही मुलांच्या आटोक्याबाहेर छापलं असतं तर अर्थ असा झाला असता की फिनेल आवरणं मुलांना जमेना.

हाताबाहेर बद्दल तुमची शंका बरोबर आहे, तिथं हात म्हणजे ताबाच. पोहोचेबाहेर मला हिंदीतल्या ‘पहुँच के बाहर’ वरून आल्यासारखं वाटतं. आपल्याकडं पोच म्हणजे पैसे मिळाल्याची पोच, नाहीतर ‘त्याला काही पोच नाही’ म्हणजे कुठं काय बोलावं ते समजत नाही.

लिहिताना पहिलं अक्षर आ. अवाक्याबाहेर लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘ऐकून अवाक् झालो’ मधला अवाक् असतो, पण तो संस्कृतातला, अ अधिक वाक्, म्हणजे वाचा बसलेला. त्याचं आणि ह्याचं नातं नाही. आणि मधे जागा सोडू नका, बाहेर हे इथं शब्दयोगी अव्यय आहे, ते चिकटूनच येतं. धोका धोक्यात, नाका नाक्यावर, तसंच आवाका आवाक्याबाहेर.


पूर्वभागातली

सरांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमचं घर तेलुगू, पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलो, पण शाळा मराठी माध्यमाची. घरात एक म्हण होती, अव्वा कायम म्हणायची, ‘अंदनि द्राक्ष पुल्लन’. अंदनि म्हणजे हाताला न येणारी आणि पुल्लन म्हणजे आंबट. हाताला न येणारी द्राक्षं आंबट.

आता मराठीत तीच म्हण ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ अशी आहे. शाळेत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरंच वाटलं होतं की कोल्ह्याला आंबट चालत नाही म्हणून तो खात नसेल, कारण उड्या मारून मारून दमला ही गोष्ट म्हणीत कुठंच नाही, ती बाहेरून माहिती असावी लागते. तेलुगूत कोल्ह्याचं नावच नाही, पण द्राक्षं हाताला येत नव्हती हे मात्र पहिल्याच शब्दात सांगून टाकलंय. मला तर तेलुगू म्हण जास्त दयाळू वाटते. मराठीत कोल्हा लबाड म्हणून आधीच बदनाम आहे, तेलुगूतली म्हण कोणालाही लागू होते, तुम्हाला मला सगळ्यांना.

आणि सर, तुमच्या आवाक्यासारखंच तिकडंपण हातावरून पैशावर जातं. अंदु म्हणजे हाताला येणे, पोचणे. त्याच्यावरून अंदुबाटु, आणि ‘अंदुबाटु धर’ म्हणजे परवडणारा भाव. मी साडीच्या दुकानात हिशोब बघते, हैदराबादकडून जे कॅटलॉग येतात त्यांच्यात हा शब्द असतोच असतो.


अक्कलकोट_स्टेशन

ताई, कन्नडातपण अगदी तीच म्हण हाय की! ‘कैगेटुकद द्राक्षी हुळी’. कै म्हणजे हात, कैगे म्हणजे हाताला, एटुकद म्हणजे न पोचणारी, हुळी म्हणजे आंबट. तिथंपण कोल्हा गायब. आमच्यात घरात कन्नड, बाजारात मराठी, त्यामुळं दोन्ही म्हणी तोंडात बसल्यात पण ह्या दोघीत असा फरक हाय हे आज कळलं.

आणि स्वस्तात मस्त म्हणायला कन्नडात ‘कैगेटुकुव बेले’, हाताला पोचणारी किंमत. म्हणजे हात सुटतच नाही. अजून एक शब्द निलुकु, त्याचा अर्थपण आवाक्यात येणे, आणि ‘निलुकद नक्षत्र’ म्हणजे हात न पोचणारी चांदणी, हे मिळणार नाही अशा माणसाबद्दल नाहीतर स्वप्नाबद्दल बोलतात.

सर म्हणतात ते बरोबर असेल पण माझा एक प्रश्न हाय. तेलुगूत हाताला येणे हाय, कन्नडात हात उघड हाय, आणि मराठीत आवाका म्हटल्यावर हात कुठं दिसतो? मराठीपण तशीच असणार, पण शब्दात हात दिसत नाही म्हणून तर छपाईवाल्यांना विचारावं लागलं ना.


रोज_पेपर_वाचतो

आजकालचा खरा शब्द राहिला की मंडळी. नॉट रीचेबल! निवडणूक झाली, आमदार कुठं गेले कळेना की हेडलाइनच ‘अमुक आमदार नॉट रीचेबल’. आधी मोबाईलवरची बाई सांगायची कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे, आता ते माणसालाच लावतात. आमच्या कॉलनीत पाणी सोडणारा दोन दिवस आला नाही तर शेजारच्या काकू म्हणाल्या तो नॉट रीचेबल झालाय. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वापर एकदम बरोबर. मला ह्यात काही वाईट वाटत नाही, मराठीत ‘संपर्कात नाही’ म्हणता येतं पण त्यात तो मुद्दाम लपलाय ही गोष्ट येत नाही.


चादरवाला

छपाईवाल्यांचं काम सोडून बोलतोय त्याबद्दल सॉरी, पण आवाक्याबाहेरचा विषय निघाला आणि ‘आकाशाला गवसणी घालणे’ आलं नाही असं कसं. बऱ्याच जणांना वाटतं ते गवसणे म्हणजे सापडणे वरून आलंय. तसं नाही. गवसणी म्हणजे खोळ, वीणा तंबोरा झाकून ठेवायला कापडाची शिवलेली पिशवी. आकाशाला गवसणी घालायची म्हणजे आकाश मावेल एवढी खोळ शिवायची. चार पिढ्या मागावर गेल्या आमच्या, चादरीचा पन्हा ठरलेला असतो, मागाच्या रुंदीपेक्षा एक बोट जास्त कापड निघत नाही. त्यामुळं ही म्हण ऐकली की माझ्या डोळ्यांपुढं कायम कापडच येतं. एवढा पन्हा कुठून आणणार?


माळरान

सगळं वाचलं. लई भारी चर्चा. फक्त इथून पुढं कोणी आवाक्याबाहेर आणि दुर्मिळ एकाच पोत्यात घालू नये म्हणून लिहितोय, कारण लोक सर्रास घालतात.

मी सुट्टीच्या दिवशी नान्नजला जातो, बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. माळढोकाचं अभयारण्य आहे तिथं, 1979 सालचं. लहानपणी वडिलांबरोबर गेलो तेव्हा माळढोक बघितलाय, उभा राहिला की मीटरभर उंच, गवतातून असा सावकाश चालत जायचा की पक्षी चाललाय असं वाटायचंच नाही. आता कित्येक फेऱ्या मोकळ्या जातात. तर माळढोक दुर्मिळ आहे. तो कोणाच्याच आवाक्यात नाही आणि कोणाच्याच आवाक्याबाहेर नाही, तो मुळात उरलाच थोडा आहे. उलट दीड लाखाचा मोबाईल माझ्या आवाक्याबाहेरचा आहे पण दुर्मिळ अजिबात नाही, नवी पेठेत काचेमागं ओळीनं मांडून ठेवलाय. दुर्मिळ हे त्या वस्तूबद्दल सांगतं, आवाका माझ्याबद्दल सांगतो. म्हणून आवाक्याला कायम कोणाचा तरी लागतो, माझ्या आवाक्याबाहेर, तुमच्या आवाक्याबाहेर. दुर्मिळला कोणाचा लागत नाही.

शब्दपण बघा कसा झालाय. दुर्लभ हा सरळ संस्कृत, लभ् म्हणजे मिळणे. दुर्मिळ मध्ये दुर् तिकडचा आणि मिळ आपला घरचा. मराठीनं दोन्ही ठेवून घेतले आणि कामं वाटून दिली. नाणी, पोथ्या, पक्षी दुर्मिळ. दर्शन, मनुष्यजन्म, चांगली संगत दुर्लभ. आणि कोणी बऱ्याच दिवसांनी घरी आलं की ‘अलभ्य लाभ’. कोणी त्याला ‘उंबराचं फूल’ पण म्हणतं. त्यातली गोष्ट अशी की उंबराला फुलं असतात, भरपूर असतात, ती त्या फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. फोडून बघा, आत बारीक बारीक दाटी दिसते तीच फुलं, आणि आतून जे किडे निघतात त्या बारीक गांधीलमाश्यांमुळंच परागीकरण होतं. म्हणजे फूल हाताच्या अंतरावर आहे, आवाक्यात आहे, फक्त नजरेला नाही.

कोल्ह्याबद्दल एक. नान्नजला द्राक्षाच्या बागा आहेत आणि माळावर कोल्हेपण आहेत आणि खोकडपण, म्हणजे इंग्रजीतला फॉक्स. इसापच्या गोष्टीतला प्राणी खरं तर आपलं खोकड, पण मराठीत म्हण करताना तो कोल्हा झाला. आणि आपल्याकडचा कोल्हा बोरं काय, ऊस काय, काहीही आवडीनं खातो, खाली लोंबणारा घड दिसला तर तोही सोडणार नाही.


गिरणगावची_लेक

माळरान, तुमचं ‘आवाका माझ्याबद्दल सांगतो’ वाचून थांबले.

माझे वडील गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तशी यंत्रमागावर गेले, दिवसपाळी रात्रपाळी जे मिळेल ते. मी बारावीला चांगले मार्क पाडले आणि आम्ही दोघं एका कॉलेजात चौकशीला गेलो, कुठलं ते नाही सांगत. खिडकीवरच्या माणसानं फीचा कागद पुढं सरकवला. वडिलांनी आकडा बघितला, परत बघितला, हप्ते करून मिळतील का विचारलं. तर तो माणूस म्हणाला, ऐपत नसताना मुलींना इतकं कशाला शिकवायचं. मागं रांगेत लोक होते, सगळ्यांनी ऐकलं.

वडील चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “साहेब, आमच्या आवाक्यात काय बसतंय तेवढं सांगा.” त्या माणसाला लाज वाटली की काय माहिती नाही, पण त्यानं बाजूच्या खिडकीत जा म्हणून सांगितलं, तिथं दुसऱ्या कोर्सचा कागद मिळाला, मी तोच केला. बीएस्सी झाले, आता लॅबमध्ये आहे.

त्या दिवसापासून मला हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. डिक्शनरीत अर्थ जवळजवळचेच निघतील. पण ऐपत दुसऱ्याची काढतात आणि आवाका स्वतःचा सांगतात. ‘तुझी ऐपत नाही’ ही शिवी आहे. ‘माझ्या आवाक्यात नाही’ म्हणणारा माणूस मान ताठ ठेवून बोलत असतो, कारण त्यात आज नाही एवढंच असतं, उद्या आवाका वाढेल हे त्या शब्दाला मान्य आहे. ऐपतीला वाढ आहे पण बोलणारा ती मानत नाही. कुवत हा शब्दपण तसाच वापरतात लोक, मूळ अरबी, ताकद ह्या अर्थाचा, पण ‘तुझी कुवत काय’ म्हटलं की झालंच. मगदूर तेवढा सौम्य आहे, ‘आपापल्या मगदुराप्रमाणे वर्गणी द्या’, तो आता म्हातारी माणसंच वापरतात.

लेबलाचं मला कळत नाही. पण आवाका हा शब्द मोठ्या माणसाचा आहे असं मला वाटतं. दोन वर्षांच्या लेकराचा कसला आवाका, त्याचा हात. तेवढाच त्याचा प्रश्न असतो.


मोहोळ_तालुका

ताई, नमस्कार तुमच्या वडिलांना.

अक्कलकोटवाल्या दादांनी विचारलं मराठीत हात कुठं हाय. हाय की, गावात या. आमची आज्जी आवाका कधी म्हणली नाही. ती म्हणायची ‘हात पुरंना’. दह्याचं गाडगं शिंक्यावर, आम्ही पोरं खाली, आणि ती चुलीपुढनं ओरडायची, “हात पुरतोय व्हय रं तुझा, खाली पाडशील.” शिंकं कशासाठी असतंय, मांजराचा आणि पोरांचा हात पुरू नये म्हणूनच की. ‘शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं पटलं’ ही म्हण त्याच्यावरच. आणि जी गोष्ट मिळतच नाही, पळती कोंबडी म्हणा नाहीतर उसने पैसे घेतलेला माणूस म्हणा, ते ‘हाताला घावंना’. शहरातली माणसं सापडत नाही म्हणतात, आम्ही घावत न्हाई म्हणतो, पण हात पुढं लावूनच.

विहिरीची खोलीसुद्धा हातानंच मोजायचे. परस म्हणतात आमच्याकडं, मूळ शब्द पुरुष. माणूस उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले की पायापासनं बोटाच्या टोकापर्यंत जेवढं भरतं तेवढा एक परस. चार परस विहीर, सहा परस विहीर. आता बोअर फुटात मोजतात, सातशे फूट आठशे फूट, तिथं हात वर करून काय उपयोग नाही. पाणी आवाक्याबाहेर गेलं म्हणतात ते ह्याच्यापेक्षा जास्त खरं कुठं असणार.

माझं म्हणणं, सरळ छापा: ‘लहान मुलांचा हात पुरणार नाही अशा उंचीवर ठेवा.’


वॉर्डातली_सिस्टर

इतके दिवस फक्त वाचते, आज लिहिते कारण हे लेबल माझ्या कामाचं आहे. मी लहान मुलांच्या वॉर्डात आहे.

शब्दाचा वाद सरांनी सोडवला, आवाक्याबाहेर बरोबरच आहे. पण वॉर्डात जी लेकरं फिनेल, रॉकेल, संडास धुवायचं अॅसिड पिऊन येतात त्यांच्या घरात ती बाटली कुठं होती हे मी प्रत्येक वेळी विचारते. कपाटावर नसते. मोरीत खाली असते, संडासच्या कोपऱ्यात असते, सिंकखाली असते. आणि कितीतरी वेळा फिनेल सुटं आणलेलं असतं आणि ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरलेलं असतं. लेकराला ती बाटली ओळखीची असते, रंगपण तसाच, पाणी घातलं की दुधासारखं पांढरं होतं. ते पिणारच. तिथं लेबलच नसतं त्यामुळं लेबल कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही, म्हणून जमलं तर पार्टीला सांगून अजून एक ओळ टाका, ‘दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका.’

दुसरं, उंचीवर नको. चालायला लागलेलं पोरगं स्टूल ओढतं, बादली पालथी घालून चढतं. उंची हा मोठ्या माणसाचा हिशोब आहे. बंद जागा पाहिजे, कडी लागणारी.

तिसरं, ही बाटली घरात रोज हाताळतं कोण? घरकाम करणाऱ्या मावश्या, सोसायटीचा सफाईवाला, म्हातारी आई. आमच्या वॉर्डातल्या मावशींना आत्ता जाऊन विचारलं, आवाक्याबाहेर म्हणजे काय? त्या म्हणाल्या, “लई महाग.” पैशापुरताच ऐकलाय त्यांनी तो शब्द. मग विचारलं, हात पोचणार नाही अशा जागी म्हणजे? तर माझ्याकडं अशा बघायला लागल्या की हे काय विचारणं झालं. मला वाटतं लेबलाचा निकाल तिथंच लागला.

आणि इथं वाचणाऱ्या सगळ्यांना, असं काही झालं तर मीठपाणी पाजून उलटी करायला लावू नका. जाळणारी वस्तू वर येताना परत जाळते, आणि फुप्फुसात गेली तर अजून वाईट. तोंडानं काही न देता लगेच दवाखान्यात आणा आणि ती बाटली सोबत आणा, कशात काय होतं ते आम्हाला कळायला पाहिजे.


निवृत्त_मराठी_शिक्षक

सिस्टर, तुमच्या मावशींनी मला दुरुस्त केलं. मी शब्द बरोबर सांगितला पण वाचणारा कोण हे विचारलंच नाही. छपाईवाले, ‘आवाक्याबाहेर’ चूक नाही, पण इथं हाताचंच लिहा. अक्कलकोटवाल्यांनाही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मोहोळहून मिळालं, हात मराठीत होताच, मी तो पुस्तकात शोधत होतो.


छपाईवाला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पार्टीला दुकानात बोलावून सिस्टरांचं सगळं वाचून दाखवलं. आधी म्हणाले लेबलात जागा नाही. मग कोल्ड्रिंकच्या बाटलीचं वाचलं तेव्हा गप्प बसले, त्यांचा नातू दीड वर्षाचा आहे. वरची ‘मोगऱ्याच्या सुगंधासह’ ची पट्टी लहान करायला स्वतःच तयार झाले. आता खाली दोन ओळी येतायत:

‘लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा बंद जागी ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतू नका.’

मिसेसनी प्रूफ बघितलं, ह्या वेळी गोल नाही, फक्त एका शब्दाखाली रेघ मारून प्रश्नचिन्ह केलंय. पोचणार की पोहोचणार? सर, तेवढं सांगा, दुपारी प्लेटला देतो.


निवृत्त_मराठी_शिक्षक

दोन्ही चालतात. जागा कमी आहे तर पोचणार ठेवा आणि अक्षर मोठं करा.